अंदाजातला खालचा आकडा

काल संध्याकाळी आठवड्याच्या तापमानाचा अंदाज आला. सोमवार ४२, मंगळवार ४३, बुधवार ४३, गुरुवार ४३, शुक्रवार ४१, शनिवार ४०, रविवार ३९. अण्णांनी चष्मा लावून सगळे आकडे मोठ्याने वाचले आणि म्हणाले, "चला, शुक्रवारपासून सुटलो." मी फोन हातात घेतला आणि प्रत्येक वाराखाली फिकट अक्षरात दिलेला दुसरा, रात्रीच्या किमान तापमानाचा आकडा वाचून दाखवला. २६, २७, २८, २९, ३०, ३०, २९. म्हटलं, "अण्णा, शुक्रवारी सुटत नाही आपण. खरं जपायचंय ते शुक्रवारपासूनच."

ते गप्प झाले. त्यांना लगेच कळलं मी कशाबद्दल बोलतेय ते.

दिवस उतरतो आणि रात्र चढते, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण उष्णतेच्या लाटेच्या शेवटी असं अनेकदा होतं. सुरुवातीला हवा कोरडी असते, आकाश निरभ्र असतं. दिवसभर तापलेली जमीन रात्री ती उष्णता थेट आकाशाकडे सोडते आणि पहाटेपर्यंत पारा पंधरा-सोळा अंश खाली येतो. मग वारा दिशा बदलतो, दमट हवा आत शिरते, दुपारनंतर ढग जमायला लागतात. ढगांनी ऊन थोडं अडवलं की कमाल तापमान दोन-तीन अंशांनी घसरतं. पण तेच ढग आणि हवेतलं तेच बाष्प रात्री जमिनीतून निघालेली उष्णता अडवून पुन्हा खाली पाठवतं. बातम्यांत 'पारा घसरला' असं येतं, लोक सुटकेचा श्वास टाकतात, आणि घरात मात्र रात्रभर कुशी बदलत पडायची वेळ येते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही असेच 'सुटलो' होतो.

अण्णांना हवामानाची वही ठेवायची सवय आहे. लांबट हिशेबाची वही, पेन्सिलीने ओढलेले रकाने: तारीख, कमाल, किमान, आकाश, शेरा. गच्चीवर उत्तरेच्या बाजूला पांढऱ्या झडपांची लाकडी पेटी आहे, तिच्यात कमाल-किमान तापमापक. रोज सकाळी सातला ते वर जाऊन आकडे घेतात आणि अक्षर असं की छापल्यासारखं. त्या उन्हाळ्यात लाटेचे चार दिवस त्यांनी नीट काढले. पाचव्या दिवशी तापमान तीन अंशांनी उतरलं. मीही निर्धास्त झाले, सकाळी कामाला निघून गेले.

संध्याकाळी आले तर अण्णा खुर्चीत बसलेले, सदऱ्याची बटणं एकाआड एक लागलेली. "आज वार कोणता?" त्यांनी विचारलं. मी सांगितला. पाच मिनिटांनी पुन्हा तेच विचारलं. मला वाटलं, रात्री झोप नाही, थकलेत. कपाळ गरम लागलं म्हणून तापाची गोळी दिली. वही टेबलावर उघडीच होती. त्या दिवशीची ओळ आजही त्या पानावर आहे. तारीख आदल्या दिवशीचीच पुन्हा लिहिलेली, कमालच्या रकान्यात किमानचा आकडा, आणि शेवटचा शब्द उजवीकडे घसरत खालच्या ओळीत उतरलेला. ते पान बघून माझ्या पोटात धस्स झालं. चाळीस वर्षं वही ठेवणारा माणूस रकाना चुकत नाही. तशीच गाडी काढली.

तीन दिवस रुग्णालयात राहावं लागलं. बरे झाले, पूर्ण बरे झाले. पण तिथल्या डॉक्टरांनी विचारलेला एक प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. "रात्री त्यांच्या खोलीत किती तापमान असतं?" मला गच्चीवरचा दशांशापर्यंतचा आकडा पाठ होता. खोलीतला माहीत नव्हता. आमच्या घरात कोणी तो कधी मोजलाच नव्हता.

घरी आल्याबरोबर पहिलं काम केलं ते दुसरा तापमापक आणून अण्णांच्या पलंगाशेजारी उशीच्या उंचीवर लावायचं. आर्द्रता दाखवणारा, साधाच. पहिल्याच रात्री अकरा वाजता त्याने ३४ दाखवले, बाहेर ३१ असताना. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. स्टुलावर चढून छताला तळवा लावला, तर जेवायला घेतलेल्या गरम ताटासारखं ऊबदार लागलं. काँक्रीटच्या स्लॅबमधून उष्णता सावकाश आत उतरते. वरून उन्हाचा मारा दुपारी असतो, पण आतली बाजू सगळ्यात जास्त तापते ती काही तासांनी, म्हणजे बरोबर आपण अंथरूण घालतो तेव्हा. दिवसामागून दिवस असे गेले की भिंती आणि छत यांना मोकळं व्हायला रात्र पुरत नाही. आदल्या दिवसाची शिल्लक दुसऱ्या दिवसाच्या खात्यावर चढते. म्हणून पहिल्या दिवसाच्या ४३ पेक्षा पाचव्या दिवसाचे ४० घराच्या आत जास्त जड जातात.

शरीराचंही तेच. माणूस नुसता पडून असला तरी त्याच्या अंगातून साधारण १०० वॉट उष्णता निघत असते, जुन्या पिवळ्या बल्बइतकी. ती कुठेतरी जायला हवी. त्वचा साधारण ३५ अंशांची असते. खोली ३४ वर गेली की हवेत उष्णता सोडायची वाट जवळजवळ बंद होते आणि उरतो फक्त घाम. घामाची ताकद मोठी आहे. १ लिटर घाम पुरता वाळला तर अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण वाळला तरच. निथळून उशीत जिरलेल्या घामाने अंग गार होत नाही, नुसतं पाणी जातं. दमट हवेत नेमकं हेच होतं. तापमान ३२ आणि आर्द्रता ४० टक्के असेल तर अंगाला ते ३३ सारखं जाणवतं. तेच ३२ आणि आर्द्रता ७० टक्के, तर जवळपास ४१ सारखं. पाऱ्याचा आकडा एकच, पण पहिल्या रात्री झोप लागते आणि दुसऱ्या रात्री जीव घाबरा होतो. त्यात म्हाताऱ्या माणसाला घाम कमी येतो, तहान उशिरा लागते, आणि त्वचेकडे रक्त ढकलत राहण्यासाठी हृदयाला रात्रभर जास्तीचं काम करावं लागतं. रात्र ही त्या हृदयाची विश्रांती असते. तीच काढून घेतली तर पाचव्या दिवशी ते कुठून आणणार?

मी तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचते. १९९५ च्या जुलैमध्ये शिकागोत आलेल्या लाटेत ७०० हून जास्त माणसं गेली. त्यांत एकटे राहणारे म्हातारे फार होते, खिडक्या बंद करून वरच्या मजल्यांवर अडकलेले, आणि रात्रीही हवा उतरलीच नव्हती. २००३ च्या ऑगस्टमध्ये एकट्या फ्रान्समध्ये एरवीपेक्षा सुमारे १५,००० जास्तीचे मृत्यू झाले. पॅरिसच्या ज्या रात्री एरवी पांघरूण लागावं अशा, त्यांतल्या काही २५ अंशांच्या खाली उतरल्या नाहीत. ही माणसं भर दुपारी रस्त्यात पडली असंच मला आधी वाटायचं. पण कितीतरी जण आपापल्या घरात, आपापल्या अंथरुणात गेले. हे वाचून मी पुस्तक मिटून अण्णांच्या खोलीत जाऊन आकडा बघून आले होते.

रात्रीच्या उकाड्याला हवामानशास्त्रात स्वतंत्र नाव आहे, हेही तेव्हाच कळलं. युरोपात किमान तापमान २० च्या खाली गेलं नाही तर ती 'उष्णकटिबंधीय रात्र' धरतात. जपानमध्ये ती रेषा २५ वर आहे. भारतीय हवामान विभाग दिवसाचं कमाल ४० किंवा जास्त असताना किमान तापमान सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी वर राहिलं तर 'उष्ण रात्र' म्हणतो, त्याहून वर गेलं तर 'तीव्र उष्ण रात्र'. मोजपट्टी जागेप्रमाणे बदलते, कारण शरीर आपल्या नेहमीच्या हवेला सरावलेलं असतं. तो सराव व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात, म्हणून मोसमातली पहिली लाट जास्त माणसं पाडते.

आता या आठवड्याच्या अंदाजावर किती विसंबायचं? अण्णा अजून "अंदाज म्हणजे अंदाज" असं म्हणतात, पण त्यांच्याच वहीतले आकडे मी मागच्या वर्षी अंदाजाशेजारी मांडून पाहिले, आणि पहिले तीन दिवस बहुतेक एक-दीड अंशाच्या आत होते. गेल्या काही दशकांत दर दहा वर्षांनी अंदाजाचा भरवशाचा पल्ला साधारण एका दिवसाने वाढत आला आहे. मोठी लाट तर आणखी लवकर दिसते, कारण तिच्यामागे वातावरणाच्या वरच्या थरात ठाण मांडून बसलेला जास्त दाबाचा डोंगर असतो. त्याखाली हवा सतत खाली दाबली जाते, आणि खाली येणारी कोरडी हवा दर किलोमीटरला जवळजवळ १० अंशांनी तापते. ढग होऊ देत नाही, वारा येऊ देत नाही. असा डोंगर एका रात्रीत हलत नाही.

पण तो कधी सरकेल हे सांगणं अवघड. युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या अंदाज केंद्रात एकच अंदाज न काढता सुरुवात किंचित बदलून ५१ वेळा गणित करतात. सगळी उत्तरं जवळ जवळ आली तर खात्री जास्त, विखुरली तर कमी. म्हणून मी सोमवार ते बुधवारचे आकडे शाईने लिहिते, शुक्रवार ते रविवारचे पेन्सिलीने, आणि रोज संध्याकाळी खोडून नवे लिहिते. शनिवारचे ३० उद्या कदाचित २८ होतील. व्हावेत.

एक सांगायचं राहिलं. उन्हात उभ्या गाडीच्या काचेवरचा ४८ चा फोटो काढून कोणी पाठवला की अण्णा अस्वस्थ होतात, आणि ते बरोबर आहे. तो हवेचा आकडा नसतो, तापलेल्या पत्र्याचा असतो. हवेचं तापमान सावलीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, वारा खेळता असलेल्या झडपांच्या पेटीतच मोजायचं. ती पेटी थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश दीपगृह-अभियंत्याची. जगातलं सगळ्यात जास्त तापमान म्हणून लिबियातल्या अल अझिझियाचे १९२२ मधले ५८ अंश कितीतरी वर्षं छापले जात होते. २०१२ मध्ये जागतिक हवामान संघटनेने ती नोंद रद्द केली. नवख्या माणसाने उपकरण चुकीचं वाचलं असावं, असा निष्कर्ष निघाला. नव्वद वर्षं एक चुकलेला रकाना. अण्णांना ही गोष्ट फार आवडते, मला ती ऐकताना त्यांची ती एक ओळ आठवते.

तर आमचा आठवडा असा ठरला आहे. आज अण्णांचा पलंग आतल्या खोलीतून बैठकीत हलवला. तिथे दोन समोरासमोरच्या खिडक्या आहेत. सकाळी आठला खिडक्या आणि पडदे बंद, संध्याकाळी बाहेरचा आकडा आतल्याच्या खाली गेला की सगळं उघडायचं. वाजले किती हे बघायचं नाही, दोन तापमापक बघायचे. हवा ४० च्या वर असताना नुसता पंखा अंगावर गरम झळ मारतो, तेव्हा हात, मान आणि पाय ओल्या फडक्याने पुसत राहायचं. रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी एक लघवी वाढवणारी आहे, तिच्याबद्दल त्यांच्या डॉक्टरांना आजच विचारून घेतलं. अशी गोळी आपल्या मनाने बंद करायची नसते. शुक्रवार आणि शनिवार मी घरूनच काम करणार आहे. वरिष्ठांना कारण सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पण शुक्रवारी तर कमी होतंय ना?" त्यांनाही खालचा आकडा दाखवला.

शेजारच्या दारात एक आजी एकट्या राहतात. त्यांच्याकडे सकाळी एकदा आणि रात्री दहाला एकदा जायचं. "पाणी प्यायलात का" असं विचारलं की सगळे "हो" म्हणतात, म्हणून मी वेगळं काहीतरी विचारते: आज दुपारी काय केलंत, मुलीचा फोन कधी आला. उत्तर गोंधळलं, जीभ जड वाटली, चालताना तोल गेला, तर थांबायचं नाही. अंग चाळीसच्या वर तापलेलं आणि माणूस भ्रमिष्ट, तर तो उष्माघात, मग त्वचा कोरडी असो की घामाने भिजलेली. आधी अंगभर पाणी, वर वारा, आणि त्याच वेळी रुग्णवाहिकेला फोन. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. तापाची गोळी इथे काम करत नाही. मी ती दिली होती आणि तिच्या भरवशावर अर्धा तास घालवला होता.

आत्ता रात्रीचे सव्वाअकरा. बाहेर ३०.५, बैठकीत ३२, आतल्या रिकाम्या खोलीत ३४. अण्णा झोपलेत, पंख्याच्या वाऱ्याने पायाजवळचं ओलं फडकं हळूहळू वाळतंय. झोपायच्या आधी त्यांनी वहीत नवा रकाना आखला, अगदी उजवीकडे, पट्टी धरून. वर लिहिलंय: 'खोली, रात्री ११'. पहिला आकडा मला लिहायला सांगितलाय.