क्रूझवर पैसे भरून वेगळं जेवावं का? एका इंदूरकरणीचा हिशेब

बुकिंग करताना आमच्या एजंटने एकच वाक्य तीनदा ऐकवलं होतं, "भाभीजी, खाना-पीना सब इनक्लूडेड है." त्यातला पीना इनक्लूडेड नव्हता हे लवकरच कळलं. खान्यातही दोन जाती आहेत, हे मात्र निघायच्या पंधरा दिवस आधी जहाजाचं ॲप फोनवर घेतलं तेव्हा समजलं. एक जेवण तिकिटातलं आणि दुसरं वेगळे पैसे मोजून. ॲप उघडलं की आधी दिसतं ते दुसरंच. मंद दिवे, जाड नॅपकिन, आणि खाली 'आत्ताच बुक करा, जहाजावर महाग पडेल'.

सिंगापूर, पेनांग, फुकेट, एक अख्खा दिवस समुद्रात आणि परत सिंगापूर अशी चार रात्रींची सफर होती. आम्ही चौघं होतो: मी, हे, अकरा वर्षांचा मुलगा आणि माझ्या सासूबाई. आई शुद्ध शाकाहारी आहेत. मी अंडं खाते, आणि बाप-लेक बीफ सोडून सगळं खातात. हे आधीच सांगते, कारण पैसे भरून जेवावं की नाही याचं निम्मं उत्तर तुमच्या घरात कोण काय खातं यावर आहे. जहाज किती तारांकित आहे त्यावर नाही.

आम्ही राहतो रामबागेत. रात्री सराफ्यातल्या, म्हणजे सोनेबाजारातल्या, पेढ्यांची शटरं पडली की त्याच ओट्यांसमोर कढया चढतात आणि थंडीत गराडू नावाचे कंद तळले जातात, अशा गावातल्या माणसाला जेवणाचं पॅकेज विकणं सोपं नाही. तरी तीन रात्रींच्या पॅकेजवर यांचं बोट दोनदा गेलं. मी फोन काढून घेतला.

आधी तिकिटातल्या जेवणाबद्दल, कारण ते नीट वापरलं तर पुढचा प्रश्नच बराचसा मिटतो. बुफे असतोच. त्याखेरीज एक मोठी मुख्य डायनिंग रूम असते. तिथे टेबलावर बसून मेनूतून मागवायचं. सूप, मुख्य पदार्थ आणि गोड, असं रीतसर. पुष्कळ लोकांना माहीतच नसतं की तिथे दोन सुपं किंवा दोन मुख्य पदार्थ मागवले तरी कुणी काही म्हणत नाही आणि पैसेही लागत नाहीत. ज्या पदार्थापुढे किंमत छापलेली असते तेवढेच वेगळे. पहिल्या रात्री मेनूत आईंसाठी एकच भारतीय भाजी होती, तीही पनीरची. आमच्या टेबलाचा वेटर सावंतवाडीकडचा निघाला. आईंनी "कुठले रे तुम्ही?" विचारलं आणि गाडी रुळावर आली. त्याने हेड वेटरला बोलावलं. हेड वेटरने वहीत लिहून घेतलं आणि सांगितलं, "उद्याचं आज सांगत चला, रोज करून देऊ." दुसऱ्या दिवसापासून पिवळी डाळ, एक सुकी भाजी, भात आणि गरम पोळ्या. पोळ्या जरा जाड होत्या. आईंनी तसं सांगितलंही.

तेव्हा पहिला सल्ला हाच: पहिल्या रात्री बुफेला न जाता डायनिंग रूममध्ये जा आणि हेड वेटरला गाठा. जैन जेवण हवं असेल तर मात्र बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. जहाजावर चढल्यावर कांदा-लसणाची चर्चा सुरू केली तर पहिले दोन दिवस फळांवर काढावे लागतात.

आता पैसे भरलेलं जेवण. आमच्या जहाजावर इटालियन रेस्टॉरंटमधलं रात्रीचं जेवण मोठ्या माणसाला ४५ अमेरिकी डॉलर आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला १५ होतं. तिघं मोठे आणि एक लहान, म्हणजे १५० डॉलर. हा आकडा ॲपवर दिसतो. त्यावर १८ टक्के सर्व्हिस चार्ज आपोआप चढला आणि १७७ झाले. जहाजावरचं खातं डॉलरमध्ये असतं, त्यामुळे आपलं क्रेडिट कार्ड त्यावर परकीय चलनाचा आकार लावतं. आमच्या कार्डाला तो साडेतीन टक्के आहे आणि त्या आकारावर जीएसटी. शेवटी १८४ डॉलरच्या वर गेलं, म्हणजे साधारण सोळा हजार रुपये. तुम्ही बुक करताना दिसणाऱ्या किमतीत सरळ पाव हिस्सा वाढवून बघा आणि मगच ठरवा.

यांना खरं तर स्टेकहाउसला जायचं होतं. रेस्टॉरंटच्या दाराबाहेर मेनू लावलेला असतो, तो चढल्या चढल्या जाऊन वाचला. पाऊण मेनू बीफ. उरलं एक कोंबडी, एक मासा आणि कोकराच्या चॉप्स. किंमत मात्र सगळ्यांना एकच, आणि ती त्या बीफच्या हिशेबाने ठरवलेली. तिथे जाऊन कोंबडी खाणं म्हणजे पूर्ण थाळीचे पैसे भरून नुसता वरणभात खाऊन उठणं. ते बुकिंग रद्द केलं. वेळेत केल्याने पैसे परत आले. त्यासाठी तास ठरलेले असतात, ते ॲपवर बघून ठेवा. वेळ टळली आणि तुम्ही गेलाच नाहीत तर पैसे कापले जातात. आणि बुक केल्यावर त्याच जेवणाची किंमत पुढे उतरली, तर जुनं रद्द करून नवं घेता येतं. इटालियनला आमचे माणशी पाच डॉलर असेच वाचले.

इटालियनचं बुकिंग मी फुकेटच्या संध्याकाळी साडेसातचं केलं होतं. ही माझी चूक. फुकेटला मोठी जहाजं समुद्रातच नांगर टाकतात आणि पातोंगच्या किनाऱ्यावर जाऊन परत यायला छोट्या बोटी असतात. परतीला त्या बोटींची रांग उन्हात भली लांब. तरी आम्ही वेळेत आलो, अंघोळी केल्या, आईंनी पैठणी नेसली. माझ्या फोनमध्ये सात वाजून वीस मिनिटं. आम्ही ऐटीत दाराशी गेलो तर मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमचं टेबल साडेसातचं होतं, आता आठ वीस झालेत." झालं असं की थायलंडची वेळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. किनाऱ्यावर फोनने आपणहून थाई वेळ धरली आणि जहाजाचं घड्याळ मात्र सिंगापूरवरच होतं. भारताची वेळ आणखी दीड तास मागे, म्हणून आईंच्या मनगटावर, त्यांनी मुद्दाम इंदूरच्या वेळेवर ठेवलेल्या घड्याळात, सहासुद्धा वाजले नव्हते. त्या मुलीने दया केली आणि नऊला एक कोपरा दिला. फोनमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय चढतानाच बंद करा, आणि फुकेटच्या दिवशी कुठलंच ठरावीक वेळेचं जेवण घेऊ नका.

जेवण कसं होतं? यांच्यापुढे आलेला मासा उत्तम होता. कातडी कुरकुरीत, आतून नुसता विरघळत होता, आणि ताटली हाताला चटका बसेल इतकी गरम. खरा फरक इथे आहे. मुख्य डायनिंग रूममध्ये एका वेळी शेकडो पानं वाढायची असतात, त्यामुळे मासा झाकणाखाली थांबून थांबून मऊ पडतो. पैसेवाल्या जागेत टेबलं कमी, आणि तुम्ही मागवल्यावर तवा चढतो. म्हणजे करण्या-वाढण्यात दोन मिनिटं गेली तरी बिघडतील असे पदार्थ, मासा, कोळंबी, चॉप्स, तिथे खावेत. डाळ, सूप, पास्ता यांना त्या दोन मिनिटांनी काही होत नाही, त्यांच्यासाठी पैसे देऊ नयेत.

आणि आईंनी नेमका पास्ता मागवला. वेटर चीजचा दगडासारखा तुकडा आणि किसणी घेऊन आला आणि "सांगा, किती?" अशा अर्थाने हसला. मला एकदम आठवलं म्हणून विचारलं की या चीजमध्ये रेनेट, म्हणजे दूध साकळवायला घालतात ते, कुठलं आहे? इटलीचं अस्सल पार्मेजान वासराच्या पोटातल्या रेनेटने बनतं. आपल्याकडच्या पॅकेटवर हिरवा ठिपका बघायची सवय असल्यामुळे हे डोक्यात येत नाही. बिचारा आत जाऊन विचारून आला आणि मान हलवली. पेस्टो सॉसमध्येही तेच चीज. शेवटी आईंपुढे टोमॅटोच्या सॉसमधला साधा पास्ता आला. तिरामिसूत अंडं आणि मद्य, तेव्हा गोडाच्या नावाने कापलेलं कलिंगड. सीझर सॅलडच्या सॉसमध्येही बारीक मासळी असते, मेनूत त्यापुढे पानाचं चित्र दिसलं तरी विचारा.

ब्रेड मात्र त्यांना आवडला. 'फोकाच्या' नावाचा गरम इटालियन पाव होता आणि सोबत वाटीत ऑलिव्ह तेल. आईंनी पर्समधून जीरावनची, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या आमच्या इंदुरी मसाल्याची, पुडी काढली, चिमूटभर तेलात टाकलं, ब्रेड बुडवला आणि डोळे मिटले. मुलाने दुसरीकडे पाहिलं. मी मात्र एक तुकडा उचलला. जीरावन ऑलिव्ह तेलात फार छान लागतं, सांगून ठेवते.

पुडीवरून आठवलं. घरचं शिजवलेलं काही जहाजावर नेऊ देत नाहीत, बंद पाकिटातली शेव, फरसाण, चिवडा चालतो. पण मसाल्यात खसखस असेल तर ती घरीच ठेवा. आपण माळव्यातली माणसं, मंदसौर-नीमचची अफूची शेतं आपल्या शेजारी, खसखस आपल्याला डाळीतांदळासारखी. सिंगापुरात मात्र ती अमली पदार्थांच्या कायद्यात अडकते. गोडा मसाला, काळा मसाला, अनारसे, सगळं तपासून भरा. आणि जहाजावरून खाली उतरताना बंदरावर खाण्याचं काही सोबत नेऊ नका.

तर त्या रात्रीचे सोळा हजार गेले का वाया? आईंचे आणि मुलाचे गेले. मुलाने पिझ्झा खाल्ला, जो वरच्या डेकवर फुकट मिळत होता आणि त्याच्या मते जास्त चांगला होता. यांचे वसूल झाले. माझे निम्मे.

दुसऱ्यांदा पैसे भरले ते मात्र पूर्ण पटले. समुद्रातल्या दिवशी कुणी बंदरावर उतरत नाही, त्यामुळे दुपारी बारा ते दोन बुफेत सराफ्यातल्या शनिवार रात्रीसारखी गर्दी. ट्रे धरून टेबल शोधत फिरायचं. त्याच इटालियन रेस्टॉरंटमध्ये दुपारचं जेवण माणशी २५ डॉलर होतं, मेनू जवळपास रात्रीचाच. मुलाला मुलांच्या क्लबमध्ये सोडलं, तो दिवसा फुकट असतो. आईंना त्यांच्या डाळीच्या टेबलाशी बसवलं. तिथे नागपूरच्या दोन काकू भेटल्या होत्या आणि आईंना आमची गरज उरली नव्हती. आम्ही दोघं खिडकीशी बसलो. पावणेदोन तास कुणी "आई, वायफाय" म्हणालं नाही. बाहेर मलाक्काची सामुद्रधुनी, एकामागून एक तेलाची जहाजं. मी एकटीने आख्खी मशरूमची रिसोतो (इटालियन मऊ भात) संपवली, चीजचं मला चालतं. सगळा आकार धरून ६१ डॉलर.

त्यामुळे कुणी विचारलं तर मी म्हणते, पॅकेज घेऊ नका, चौघांनी मिळून जाऊ नका. ज्याच्या जिभेला मिळणार आहे तेवढ्यांनीच, समुद्रातल्या दिवशी, दुपारी जा. रात्रीच जायचं असेल तर पहिली रात्र बघा, फक्त आधी डायनिंग रूममध्ये हेड वेटरला गाठून या. लोक सामान लावण्यात गुंग असतात, टेबलं रिकामी असतात आणि कधी कधी दाराशी उभं राहून सूट विचारली तर मिळते. आमच्या शेजारच्या केबिनवाल्यांना मिळाली.

उरलेले पैसे पेनांगला खर्च करा. जहाज जॉर्ज टाउनला अगदी गावाच्या कडेला लागतं. धक्क्यावरून चालत दहा-पंधरा मिनिटांत लिटल इंडिया येतं. टॅक्सीवाले "फार लांब आहे" म्हणतात, ऐकू नका. हे जुनं गाव २००८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, पण आम्ही इमारतींकडे मान वर करून पाहिलं ते जेवण झाल्यावर. केळीच्या पानावर भात, सांबार, तीन भाज्या, पापड. आई दोनदा भात घेऊन बसल्या. नंतर चेंडोल खाल्लं: किसलेला बर्फ, नारळाचं दूध, ताडाचा गूळ आणि तांदळाच्या पिठाच्या हिरव्या शेवया. फालुदा आणि गोळा यांची सोयरीक म्हणा. चौघांचं सगळं मिळून ७० रिंगिट, म्हणजे दीड हजार रुपयांच्या आसपास. जहाजावर जेवण फुकट आहे म्हणून बंदरावर न खाता परत येणारे लोक पाहिले. त्यांना काय म्हणावं कळत नाही.

आणखी एक. शेवटच्या रात्री खात्याचा हिशेब ॲपवर तपासा, सकाळी उतरताना काउंटरपुढे मोठी रांग असते. आमच्या हिशेबात पाण्याची एक बाटली निघाली. इटालियनमध्ये वेटरने "स्टिल की स्पार्कलिंग?" विचारलं होतं आणि यांनी मोठ्या रुबाबात "स्टिल" म्हटलं होतं. साधं नळाचं पाणी मागायचं, ते फुकट असतं. बाकी तीन कोल्ड्रिंक मुलाची होती, तीही क्लबच्या वाटेवरच्या बारमध्ये, आपलं जहाजाचं कार्ड आपणच दाखवून घेतलेली. त्याला एजंटचं वाक्य पाठ होतं.