केमोच्या आधीचे पंधरा दिवस

परवा साताऱ्याहून मामेबहिणीचा फोन आला. तिच्या शेजारच्या तिशीतल्या मुलीला स्तनाचा कॅन्सर निघालाय, पुढच्या आठवड्यात केमो सुरू. "ताई, तुला नंतर बाळ झालं ना, ते कसं गं?" मी उलट विचारलं, "स्त्रीबीजं गोठवायचं कुणी बोललंय का तिच्याशी?" कुणीच बोललं नव्हतं. म्हणून हे तातडीने लिहितेय.

बॉस्टनमध्ये मला याच कॅन्सरचं निदान झालं तेव्हा मी ३३ वर्षांची होते. पहिल्या डॉक्टरांनी ऑपरेशन, केमो, सगळं समजावलं. मुलाचा विषयच निघाला नाही. आम्ही निघताना नर्सबाईंनी दाराशी थांबवून विचारलं, "पुढे मूल हवंय? मग आजच सांगा." केमोतली काही औषधं, विशेषतः सायक्लोफॉस्फामाइड, अंडाशयातली बीजं मारतात. ती आधीच काढून ठेवायला साधारण पंधरा दिवस लागतात, पाळीची वाटही बघावी लागत नाही. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन काही स्तनाच्या कॅन्सरना पोसतं; ते फार वाढू नये म्हणून सोबत लेट्रोझोलच्या गोळ्या देतात.

फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी बीजं वाढवायच्या इंजेक्शनांचा डबा असायचा. रात्री जेवणं उरकली की नवरा माझ्या पोटाची चिमूट धरायचा आणि मी सुई टोचायचे. पाचव्या दिवशी त्याचाच हात थरथरायला लागला. नऊ बीजं मिळाली. मॅसॅच्युसेट्समध्ये वंध्यत्वावरचे उपचार विम्यात धरण्याचा कायदा १९८७ पासून आहे, त्यामुळे आमचा बराच भार हलका झाला. मुंबई-पुण्यात सोय आहे, पण पैसे बहुतेकदा स्वतःच्याच खिशातून जातात. ही गोष्ट मला फार छळते.

पुढे टॅमॉक्सिफेन, म्हणजे इस्ट्रोजेनचा परिणाम रोखणारी गोळी, पाच वर्षं तरी. मुलासाठी ती मध्येच थांबवली तर? याच प्रश्नावर इथल्याच, बॉस्टनच्या कॅन्सरतज्ज्ञ डॉ. अॅन पार्ट्रिज यांच्या नेतृत्वाखाली 'पॉझिटिव्ह' नावाचा अभ्यास झाला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. हार्मोन-पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणारा कॅन्सर असलेल्या बायकांनी दीड ते अडीच वर्षं गोळ्या घेऊन मग जास्तीत जास्त दोन वर्षं थांबवल्या. ४९७ जणींपैकी ३६८ जणींना दिवस राहिले, ३१७ जणींना मूल झालं. तीन वर्षांत कॅन्सर उलटण्याचं प्रमाण ८.९ टक्के, न थांबवलेल्या तशाच बायकांत ९.२. पण हा कॅन्सर दहा वर्षांनीही उलटू शकतो, तीन वर्षांचा आकडा म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. माझ्या डॉक्टरांनी हे स्पष्ट सांगितलं, मगच आम्ही ठरवलं. गोळी बंद केल्यावर तीन महिने थांबायचं होतं, गर्भाला ती बाधते म्हणून.

घरी फोनवर आत्या म्हणाल्या, "जीव वाचला हेच खूप, आता मुलाचा हट्ट कशाला?" त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण तो हट्ट नव्हता हो.

लेक झाली. रेडिएशन झालेल्या बाजूला दूध जवळपास आलंच नाही, ती डावीकडेच प्यायची. चौथ्या महिन्यात पुन्हा गोळी सुरू करायची म्हणून अंगावरचं तोडलं. त्या रात्री ती ओढणी धरून रडत होती आणि मीही.

आत्ताच मामेबहिणीचा मेसेज आला. त्या मुलीने डॉक्टरांना विचारलं. उद्या साडेदहाला पुण्यात वेळ मिळालीय.