बढती मिळालेला रस्ता

लंडनची १३९ नंबरची बस ॲबी रोडवरच्या त्या प्रसिद्ध झेब्रा क्रॉसिंगपाशी आली की ड्रायव्हर मुकाट्याने थांबतो. बीटल्सनी १९६९ साली इथे रस्ता ओलांडतानाचा फोटो काढून घेतला, तेव्हापासून जगभरातून आलेले चौघे-चौघे इथे एक पाय उचलून पुतळ्यासारखे उभे राहतात. पॉल अनवाणी होता म्हणून चपला हातात घेणारेही असतात. पाचवा बिचारा कॅमेरा धरून भर रस्त्यात. पण ही ॲबी, म्हणजे बडा मठ, कुठली, हे कुणी विचारत नाही.

ॲबी इथे नव्हतीच. होती ती किलबर्नची प्रायरी, म्हणजे छोटा मठ, वेस्टमिन्स्टरच्या बड्या मठाच्या छायेतली धाकटी पाती. ११३४च्या सुमारास गॉडविन नावाच्या बैराग्याने ओढ्याकाठची आपली कुटी एमा, गुनिल्डा आणि ख्रिस्तिना या तीन नन्सना दिली. तिघी पूर्वी मटिल्डा राणीच्या पदरी होत्या म्हणे. शेजारून रोमनांचा जुना हमरस्ता जायचा, त्यामुळे वाटसरूंची वर्दळ असायची. पुढे आठव्या हेन्रीने वर्षाला २०० पौंडांहून कमी उत्पन्नाचे मठ बंद करायला काढले, त्यात १५३६ साली हीही गेली.

आज तिथे एक दगड दिसत नाही. ओढासुद्धा जमिनीखालच्या नळातून वाहतो. सेंट मेरी चर्चमध्ये पितळी पत्र्याचा एक तुकडा जपलाय, त्यावर ननचा कोरलेला चेहरा. बाकी सगळं पाट्यांवर: प्रायरी रोड, प्रायरी टेरेस. एका गल्लीचं नाव तर नुसतंच 'किलबर्न प्रायरी', पुढे रोड नाही की स्ट्रीट नाही. मठाकडे जाणाऱ्या वाटेला मात्र थेट ॲबीचा हुद्दा! आमराई तोडून उभ्या राहिलेल्या सोसायटीला 'आमराई' नाव देणारे बिल्डर आपल्याकडेच असतात असं नाही, हा माझा जुना संशय.

मराठी पाहुणे आले की इथून जवळच किंग हेन्रीज रोडवर जाणं होतंच. तिथल्या दहा नंबरच्या घरात १९२१-२२मध्ये बाबासाहेब राहायचे. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. पाटी वाचून पाहुणे विचारतात, "हाच का तो मठ बुडवणारा?" नाही, हा सहावा हेन्री. ईटन कॉलेज काढणारा. इथली जमीन त्या कॉलेजची होती.