ले-आउटची फाइल आणि आमची चिंच

गावाला लागून आमची दोन एकर जमीन, सातबाऱ्यावर ८० आर, म्हणजे ८,००० चौरस मीटर. वडील गेल्यावर आम्ही तिघा भावांनी प्लॉट पाडायचं ठरवलं. मोजणी, झोन दाखला (जमीन कुठल्या वापराच्या पट्ट्यात येते त्याचा कागद) वगैरे कसंबसं उरकलं. इंजिनिअरने २४ प्लॉट आणि मधोमध ९ मीटरचा सरळ रस्ता असा नकाशा काढून दिला. नगरपरिषदेत ऑनलाइन दाखल केला नि आम्ही प्लॉटचे भाव ठरवत बसलो.

महिन्याभराने त्रुटींचं पत्र आलं. त्यातली पहिलीच त्रुटी वर्मी लागली. एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात, म्हणजे ले-आउटमध्ये, १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. आमच्यासाठी ८०० चौरस मीटर. ती आम्ही सोडली होती, पण नाल्याकाठच्या तिकोनी कोपऱ्यात, जिथे प्लॉट बसतच नव्हता आणि जायला रस्ताही नव्हता. गावातल्या प्रत्येक कॉलनीचं ओपन स्पेस असंच उकिरड्याजवळ का असतं, म्हणून वर्षानुवर्षं मीच ओरडत आलोय!

दुसरी त्रुटी एका ओळीची: ‘जागेवरील अस्तित्वातील झाडे नकाशावर दर्शवावीत.’

झाड एकच होतं, चिंचेचं. ते नेमकं आमच्या सरळ रस्त्याच्या मधोमध. नकाशावर मात्र तिथे कोरा कागद.

स्थळपाहणीला नगररचना विभागातल्या मॅडम आणि एक कर्मचारी आले. त्याने छातीच्या उंचीवर खोडाला टेप गुंडाळली. तीन मीटरची टेप, टोकं जुळेनात. वीतभर सुतळी जोडून घेर भरला. खोडावर बैलांच्या दाव्याने पडलेला गुळगुळीत वळ अजून आहे, टेप त्याच्यावरूनच गेली. नुसत्या घेरावरून वय सांगता येत नाही, म्हणून मॅडमनी विचारलं, “घरात कुणी जुनं माणूस आहे का?” आत्याला फोन लावला. ती म्हणाली, “अरे, माझ्या लग्नाची पंगत तिच्याच सावलीत बसली होती की!” लग्न १९६८ सालचं.

झाड संरक्षणाचा राज्याचा कायदा १९७५ चा. त्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज, म्हणजे वारसा वृक्ष, ठरलं. झाड तोडायची परवानगी मिळालीच, तर त्याचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची, तीही सहा ते आठ फूट उंचीची, आणि सात वर्षं जगवायची. मॅडमनी आमच्या चिंचेचं वय अंदाजे ७५ धरलं. मधला भाऊ म्हणाला, “मॅडम, ७५ झाडं लावायची कुठं? प्लॉट विकायचे की जंगल करायचं?”

“मग तोडू नका,” त्या शांतपणे म्हणाल्या.

इंजिनिअरने तिथेच गाडीच्या बॉनेटवर नकाशाची मागची बाजू पसरली. रस्ता वळवायचा, चिंच मोकळ्या जागेत घ्यायची, म्हणजे ओपन स्पेसला रस्ताही मिळतो. २४ चे २२ प्लॉट झाले. धाकटा आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही. “दादा, दोन प्लॉट गेले,” एवढंच.

सुधारित नकाशा पाच आठवडे ‘छाननीत’ होता. मधे लिपिकाची बदली झाली, तेव्हा फाइल नक्की कुठे आहे हे कुणालाच सांगता येईना. त्या हेलपाट्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

वृक्षारोपणाचा आराखडा मात्र लिहिण्यासारखा आहे. इंजिनिअरने तो दुसऱ्या कुठल्या तरी फाइलमधून उचलला होता: रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रॉयल पाम, तेही विजेच्या तारांखाली. मॅडमनी लाल पेनाने सगळे पाम खोडले आणि बाजूला लिहिलं, कडुनिंब, करंज, बहावा, ताम्हण. तारांखाली कांचन. पर्जन्यजल संचयनाच्या खड्ड्याचंही तेच झालं. ठरावीक छापील आकृती चिकटवलेली. “काळ्या मातीत एवढाच खड्डा घेतला तर पाणी मुरणार कुठे?” हा त्यांचा प्रश्न. आमच्याकडे मुरूम आठ फुटांवर लागतो, म्हणून खड्डा तिथपर्यंत नेला. खाली दगड, मग खडी, वर वाळू. खर्च वाढला, पण पहिल्या मोठ्या पावसात त्यात भरलेलं पाणी सकाळपर्यंत जिरलं होतं. मी मुद्दाम उठून बघून आलो.

तात्पुरती मंजुरी मिळाली. रस्ता, गटार आणि मोकळ्या जागेचं काम झाल्यावर अंतिम मंजुरी. बहाव्याची चार रोपं शेळ्यांनी खाल्ली, आता काटेरी कुंपण केलंय.

परवा एक गिऱ्हाईक नऊ नंबरचा प्लॉट बघायला आलं. समोर चिंच पाहून म्हणालं, “चिंचेवर भूत असतं, दर कमी करा.” संध्याकाळी दुसरे एक मास्तर आले. अर्धा तास चिंचेखाली उभे राहिले आणि म्हणाले, “तो नऊ नंबर शिल्लक आहे का?”