दुपारचा मॅट्रिक्स, संध्याकाळचा मॅट्रिक्स

‘द मॅट्रिक्स’ची प्रिंट आमच्या थिएटरात आली ती आधी दुसऱ्या एका गावात खेळून. शुक्रवारी सकाळी पत्र्याच्या पेट्या उतरल्या, बाराला पहिला खेळ. मी बडोद्यात ऑपरेटरचं काम आयुष्यभर केलं. थिएटरचं नाव लिहीत नाही, त्या जागेवर आता दुकानं आहेत. पण त्या शुक्रवारबद्दल लिहायलाच हवं. एकाच चित्रपटाबद्दल, एकाच दिवशी, एकाच जिन्यावर मी लोकांची दोन अगदी वेगळी मतं ऐकली, आणि त्यांचं काय करायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ऑपरेटर म्हणजे मशीन चालू करणारा, असं लोकांना वाटतं. खरं काम खेळाआधी रिवाइंडरच्या टेबलावर व्हायचं. 35 मिलिमीटरची फिल्म मिनिटाला 90 फूट पळते. 136 मिनिटांचा चित्रपट म्हणजे सव्वाबारा हजार फुटांच्या आसपास, तो दोन-दोन हजार फुटांच्या रिळांत वाटून येतो. प्रत्येक रीळ हळू फिरवायचं आणि फिल्मच्या दोन्ही कडा चिमटीत धरून ठेवायच्या. कडेचं भोक फाटलेलं असेल तर बोटाला टोचतं, तुटलेली फिल्म टेपनं जोडलेली असेल तर त्या जोडाची टिचकी बसते. डोळ्यांआधी बोटांना कळतं.

सुरुवातीच्याच एका रिळात टिचकी बसली. थांबवून भिंगाखाली पाहिलं. फिल्म मशीनमध्ये अडकून तुटली असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना मार दिसतो, ओरखडे दिसतात, भोकं ओढली गेलेली असतात. इथे तसलं काही नव्हतं. बरोबर फ्रेमच्या रेषेवर कापलेलं, टेप सरळ लावलेली, दोन्ही बाजू कोऱ्या. जोडाच्या अलीकडे नायक खुर्चीत, मानेत मागून सुई घुसवलेला. पलीकडे तोच नायक बिछान्यावर पडलेला. मधलं काहीतरी कुणीतरी काढून घेतलं होतं, आणि ते ज्यानं केलं त्याला काम चांगलं येत होतं, याचा मला जास्त राग आला.

किती गेलं ते शोधायला एकच रस्ता होता. पडद्यावर सगळ्यात आधी जे सेन्सॉरचं प्रमाणपत्र येतं, त्यात तेव्हा चित्रपटाची लांबी मीटरमध्ये लिहिलेली असायची. लोक त्यातलं फक्त ‘यू’ की ‘ए’ बघतात. मी सगळी रिळं मोजली आणि बेरीज ताडून पाहिली. सुमारे 450 फूट कमी. म्हणजे पाच मिनिटं.

मॅनेजर म्हणाले, “चालशे.” बडोद्यात या एका शब्दावर किती कामं बिघडलेली मी पाहिली आहेत. मी त्यांना सांगितलं की प्रमाणपत्र मिळाल्यावर फिल्ममध्ये परस्पर फेरफार करणं 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. ते म्हणाले, गुन्हा कापणाऱ्याचा. मी म्हटलं, निदान पडद्यावर एक स्लाइड टाका, लोकांना कळू दे. त्यालाही नकार. बुकिंग झालेलं होतं, बाहेर विद्यापीठाच्या हॉस्टेलची पोरं रांगेत उभी होती. एक मात्र त्यांनी केलं, वितरकाकडे फोन लावून दिला. अहमदाबादला याच चित्रपटाची दुसरी प्रिंट खेळून उतरली होती. एका चित्रपटाच्या सगळ्या प्रिंटांची रिळं ठरलेल्या जागीच संपतात, म्हणून पूर्ण रीळच्या रीळ बदलता येतं. ते एसटीनं निघालं. सहाच्या खेळाआधी पोचणार होतं. बारा आणि तीनचा खेळ कापलेल्या प्रिंटवर लावावा लागला.

जोड आला तेव्हा मी खिडकीपाशी उभा होतो. फिल्म आधी गेटमधून, म्हणजे जिथे चित्रावर उजेड पडतो तिथून जाते आणि आवाज वाचणारा भाग त्याच्या खाली असतो, मध्ये वीसएक फ्रेमचं अंतर. त्यामुळे कापलेल्या जागी चित्र आधी उडतं आणि आवाज पाऊण-एक सेकंदानं. आमच्या धंद्यातल्या माणसाला ते लगेच टोचतं. हॉलमध्ये कुणी हललंही नाही.

आमच्या मशीनच्या केबिनचा जिना बाल्कनीच्या दाराशी उतरायचा. खेळ सुटला की मी तिथे उभा राहून ऐकायचो. चित्रपटाबद्दल पेपरात काय छापून येतं त्यापेक्षा त्या पहिल्या पाच मिनिटांत लोक एकमेकांना काय बोलतात त्यावर माझा विश्वास जास्त. त्या दुपारी लोक जिना उतरेनातच. घोळके करून भांडत होते. लॉबीतल्या गोळीबारावर सगळ्यांचं एकमत होतं. गच्चीवरच्या त्या दृश्यावरही: नायक मागे झुकतो, गोळ्या अंगावरून जातात आणि कॅमेरा त्याच्याभोवती गोल फिरतो. ते दृश्य नटाभोवती 120 च्या आसपास स्थिर छायाचित्रांचे कॅमेरे कमानीत लावून टिपलंय. रिळावर पाहिलं तर फ्रेममागून फ्रेम माणूस जवळजवळ तसाच, फक्त बघायची बाजू बदलत जाते. खालच्या स्टॉलमधल्या ज्यांना इंग्रजीचं एक वाक्य समजत नव्हतं, त्यांनी त्या जागी जी शिट्टी मारली तिच्याइतकं नेमकं परीक्षण मी कुठे वाचलेलं नाही.

भांडण गोष्टीवर होतं. हॉस्टेलच्या एका मुलानं ठामपणे मांडलं की नायक औषधासारखी ती लाल गोळी गिळतो तेव्हापासून पुढचं सगळं नशेत घडतं. द्रवानं भरलेल्या टाकीत जागं होणं, ते जहाज, ती कराटे, सगळा गोळीचा अंमल. दुसरा म्हणाला, मग तो टकला माणूस हॉटेलात बसून मांसाचा तुकडा खात दगा द्यायचं कबूल करतो, त्याचं काय? पहिला म्हणाला, त्यालाही गोळी सुटत नाही, त्याला परत हवी आहे. तिसऱ्याचं म्हणणं, नायक सुरुवातीलाच, पोलिसांच्या खोलीतच मेलाय. एक प्रौढ गृहस्थ, पेहरावावरून कुठल्यातरी बँकेतले असावेत, अनोळखी पोरांशी या मुद्द्यावर वाद घालत रस्त्यापर्यंत गेले. तीनच्या खेळालाही तसंच झालं. लोक खूश होते. खूप खूश होते.

साडेपाचला रीळ आलं. मी ते पूर्ण तपासलं, कुठेही जोड नव्हता. आणि सहाच्या खेळाला मी पहिल्यांदा ती पाच मिनिटं पाहिली.

पांढरीशुभ्र मोकळी जागा, तिच्यात दोन खुर्च्या आणि एक टीव्ही. आपण जगतोय ते जग म्हणजे यंत्रांनी डोक्यात चालवलेला देखावा आहे, हे नायकाला तिथे सांगितलं जातं. मग खरं जग दिसतं: जळलेलं शहर, काळं आकाश, पिकासारखी उगवलेली माणसांची मुलं. शेवटी सांगणारा माणूस हातात बॅटरीचा एक सेल धरतो. एवढंच. माणूस म्हणजे यंत्रांचा सेल.

तेव्हा इंग्रजी चित्रपट आमच्याकडे खाली मजकूर न येताच लागायचे. अर्ध्या हॉलला बोलणं समजत नसे. आणि अख्ख्या चित्रपटात बोलण्यावाचून समजणारं स्पष्टीकरण या एकाच जागी होतं, हातातल्या त्या सेलमध्ये. ज्यानं कापलं त्यानं नक्कीच असा विचार केला की इथे दोघं नुसती बोलत बसलीत, स्टॉलवाले ओरडतील. आमच्या धंद्यात हा आजार जुना आहे. मारामारी ठेवायची, बोलणं काढायचं. प्रेक्षकाला काय झेपेल हे केबिनमध्ये बसून ठरवणारा माणूस प्रेक्षकाला नेहमीच कमी समजतो. स्टॉलवाले ओरडले नाहीत. पूर्ण हॉल गप्प बसून बघत होता. पुढे या चित्रपटाला चार ऑस्कर मिळाले, त्यांतलं एक झॅक स्टेनबर्ग यांना संकलनासाठी. एकेक फ्रेम तोलून ज्यानं बक्षीस मिळवलं, त्याच्या कामावर कुणा गावातला माणूस कात्री चालवतो आणि वितरकाच्या ऑफिसात कुणी ती प्रिंट उघडूनही बघत नाही.

मध्यंतराचंही इथेच सांगतो. इंग्रजी चित्रपटाला मध्यंतर नसतं, ते कुठे पाडायचं हे आम्ही ठरवायचो. मी ते हॉटेलातल्या त्या दग्याच्या प्रसंगानंतर पाडलं होतं. दुपारी तो प्रसंग लोकांना व्यसनी माणसाचा वाटला होता. संध्याकाळी तेच मध्यंतर, तीच फ्रेम, आणि दिवे लागल्यावर लोकांच्या तोंडी वेगळीच गोष्ट. खोटं आहे हे माहीत असून त्याला परत खोट्यात जायचंय, यावर एक बाई नवऱ्याशी बोलत होत्या. त्यांचं म्हणणं होतं की तो माणूस वाईट नाही, दमलाय. हे मत दुपारच्या कुणाला सुचणं शक्यच नव्हतं.

म्हणून खेळ सुटायची मी मोठ्या अपेक्षेनं वाट बघत होतो. आता खरा वाद होईल असं वाटत होतं. लोक मात्र जिना भराभर उतरले. “मस्त होता,” “आवाज जबरदस्त होता,” “सगळं हिरवं का दिसत होतं?” हिरव्याबद्दल पुष्कळांनी विचारलं. यंत्रांच्या खोट्या जगातली दृश्यं मुद्दाम हलक्या हिरव्या झाकेची ठेवली आहेत, जहाजावरची निळसर. त्यासाठी मी मालकांच्या मागे लागून मशीनमधला झेनॉनचा दिवा नवा बसवून घेतला होता, कारण जुन्या दिव्याच्या पिवळट उजेडात तो फरक मरतो. लोकांना तो प्रिंटचा दोष वाटला. मी दोघा-तिघांना थांबवून समजावलं.

इंजिनिअरिंगच्या एका मुलानं चांगला मुद्दा काढला. माणसाला जिवंत ठेवायला जेवढी ऊर्जा घालावी लागेल त्यापेक्षा त्याच्याकडून कमीच मिळेल, मग यंत्रांना फायदा काय? त्याच्या मते तिथेच चित्रपट कोसळला. बरोबरची मुलं हो म्हणाली आणि विषय संपला. आमच्या दांडिया बाजारातले एक ओळखीचे आजोबा भेटले. म्हणाले, यात नवीन काय, शंकराचार्यांनी केव्हाच सांगितलंय, जग म्हणजे माया. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण त्यांचं हे मला तेव्हाही पटलं नाही. मायेमागे कुणी मालक नाही, माणसाला झोपवून त्याच्यावर पोट भरणारा कुणी नाही. इथे आहे. त्या सेलमधली भीती तीच आहे. 2003 साली तिसरा भाग आला, त्याच्या अखेरच्या संगीतात बृहदारण्यक उपनिषदातलं ‘असतो मा सद्गमय’ ऐकू आलं तेव्हा आजोबांनी मला मुद्दाम गाठून आठवण करून दिली. तरी माझं म्हणणं बदललेलं नाही.

दुपारचे लोक एक तुटका चित्रपट पाहून तासभर भांडले. संध्याकाळचे लोक पूर्ण चित्रपट पाहून घरी जेवायला गेले. उलटं व्हायला हवं होतं, निदान मला तसं हवं होतं.

रात्री नऊच्या खेळाला हॉस्टेलची तीच पोरं परत आली, मित्रांना घेऊन. सुटल्यावर तो नशेचा सिद्धांत मांडणारा मुलगा जिन्यानं सरळ माझ्याकडे वर आला. “काका, तुम्ही मध्ये काहीतरी जास्तीचं घातलंत का?”

मी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. कापलेलं रीळ पेटीत घातलं होतं, ते काढून टेबलावर चढवलं, जोड दाखवला. प्रमाणपत्राची फ्रेम भिंगाखाली धरून मीटर वाचायला लावले. सगळ्यांनी आळीपाळीनं पाहिलं. दुपारी आपल्याला अपुरा चित्रपट दाखवला गेला हे त्यांना पटलं, एक-दोघं चिडलेही, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं.

तो मुलगा चिडला नाही. म्हणाला, “मला दुपारचाच आवडला. त्यात आम्हाला शोधायला काहीतरी होतं.”

मी म्हटलं, “ते ज्यांनी चित्रपट बनवला त्यांनी ठेवलेलं नव्हतं. तू ज्यावर मत देतोयस तो चित्रपट कुणी बनवलेलाच नाही.”

“नसेल बनवला. पण डोकं तर आम्हीच चालवलं ना?”

त्याचं म्हणणं खोटं होतं असं मला म्हणता आलं नाही. पण त्याच वेळी मला त्या बाई आठवत होत्या, दगा देणाऱ्याला दमलेला म्हणणाऱ्या. पूर्ण रीळ नसतं तर त्यांना ते सुचलं नसतं. जिन्यावरच्या आरडाओरड्यात मोजायचं तर त्यांचं एक वाक्य कुठेच बसत नाही.

चित्रपट आमच्याकडून उतरला तेव्हा अहमदाबादचं रीळ अहमदाबादला परत करायचं होतं आणि कापलेलं रीळ आपल्या मूळ प्रिंटबरोबर पुढच्या गावी जाणार होतं. वितरकाच्या माणसाला मी विचारलं, त्यानं खांदे उडवले. मी त्या रिळाच्या डब्यात वरच एक चिठ्ठी चिकटवली, मराठीत आणि खाली गुजरातीत: या रिळात 450 फूट कमी आहेत, मध्येच कापलंय, गोष्ट तिथेच आहे, अहमदाबादहून पूर्ण रीळ मागवा, ते आल्यावरच खेळ लावा.