रविवारचा फोर्ट, चार बीएमएक्स आणि दोन फ्लॅश

बीएमएक्सवर, म्हणजे ट्रिक करायच्या छोट्या सायकलींवर, राइड करायची आणि तिचे फोटो काढायचे म्हणून पुण्याहून पहाटे चारला निघालो आणि पावणेसातला मुंबईत फोर्टातल्या बॅलार्ड इस्टेटमध्ये गाडी लावली. जानेवारीत मुंबईत सव्वासातच्या आसपास सूर्य उगवतो. सायकली जोडून हवा तपासून होईपर्यंत उजाडतं, आणि मग साधारण साडेदहापर्यंतचा वेळ हाताशी असतो. फोर्टात रस्त्यावर राइड करायची तर हाच वेळ आणि तोही रविवारचाच. आठवड्यात त्याच रस्त्यावर दुतर्फा गाड्या लागलेल्या असतात आणि धाव घ्यायला दहा फूट जागाही मिळत नाही.

पाच माणसं आणि चार बीएमएक्स एका एर्टिगात बसतात. मागची रांग पाडायची, दोन्ही चाकं आणि पेडल काढायची, दोन फ्रेमच्या मध्ये जुनी चादर घालायची. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. घाईत तो नेहमीच्या दिशेनं ताणला, तर सुटण्याऐवजी आणखी घट्ट बसतो. पेगसाठी १७ मिमीचा सॉकेट एक्स्टेन्शनसकट घ्या. पेग म्हणजे चाकाच्या अॅक्सलला लावलेली चार इंचाहून लांब नळी; ती कट्ट्याच्या कडेवर टेकवून घसरत जाणं म्हणजे ग्राइंड. तिच्या तळाशी अॅक्सलचा नट असतो आणि साधा पाना तिथवर पोचत नाही. शिवाय ६ मिमीची अॅलन की, चेन तोडायचं हत्यार, दोन हाफ लिंक (चेनच्या अर्ध्या कड्या) आणि २० इंची चार ट्यूब. ट्यूब कमी नेऊ नका, रविवारी सकाळी सायकलचं दुकान उघडं सापडत नाही.

हवा किती ठेवायची ते जमिनीवर ठरवा. गुळगुळीत डांबरावर २.४ इंच रुंद टायरला ६० पीएसआय छान चालते, पण फोर्टातले फुटपाथ पेव्हर ब्लॉकचे आहेत आणि ते जागोजागी खचलेत. तिथे ५० वर आणली की सायकल कमी उडते. चाळिशीच्या खाली गेलात, तर फुटपाथच्या कडेवर मागचं चाक आदळताच ट्यूब रिम आणि दगडामध्ये चिमटली जाते. शेजारी शेजारी दोन भोकं दिसली की समजायचं, हवा कमी होती.

बॅलार्ड इस्टेटची आखणी गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांची. इमारती जवळपास एका उंचीच्या, रस्ते सरळ. फोटोसाठी याचा मोठा फायदा होतो. ऊन बराच वेळ रस्त्यावर उतरत नाही, सगळीकडे सारखी मऊ सावली राहते आणि फ्लॅशला काम करायला वाव मिळतो. मात्र जुन्या इमारतींच्या कोरीव पायऱ्यांना आणि जोत्यांना पेग लावू नका, पेग सरकावा म्हणून मेण तर अजिबात नको. मेणाचा काळा डाग सच्छिद्र दगडात मुरतो आणि घासून जात नाही. आम्ही फक्त अलीकडे बांधलेले कट्टे घेतो. शेजारीच नौदलाचा गोदीभाग आहे, त्या दिशेला कॅमेरा रोखायचा नाही. ड्रोन घरीच ठेवा.

आता कट्टा. मुंबईत बसायच्या कट्ट्यांवर बहुतेक ग्रॅनाइट नाहीतर कडप्पा असतो, आणि दोन्ही अगदी वेगळे वागतात. पॉलिश ग्रॅनाइटवर प्लास्टिकचा पेग मेणाशिवाय सरकतो. खरबरीत फिनिशचा असेल तर तोच पेग पहिल्या फुटातच अडतो आणि रायडर हँडलवरून पुढे जातो. कडप्पा थरांचा दगड आहे, कडेवर भार आला की पापुद्रा सुटतो. म्हणून आधी हातात पेग घेऊन कड ठोकत जायचं. आवाज भरीव आला तर खाली मसाला पक्का भरलाय. पोकळ ‘टक’ आला तर फरशी नुसती विटांवर टेकवलेली आहे. त्यावर ग्राइंड केलं तर फरशी तुटेल आणि उद्या तिथे बसणाऱ्या माणसाची जागा जाईल. असा कट्टा सोडायचा.

स्टीलच्या रेलिंगचंही तसंच. दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा, तळाच्या प्लेटचे सगळे बोल्ट आहेत का मोजा. पातळ पाइप असेल तर पेगच्या दणक्यानं तो चेपतो.

फोटोची मांडणी अशी होती: १५ मिमीचा फिशआय (खूप रुंद दृश्य टिपणारी लेन्स), शटर १/२५०, अॅपर्चर ८, आयएसओ २००. एक फ्लॅश उतरण्याच्या बाजूला पुढून, दुसरा रायडरच्या मागून कडेनं. आसपासचा उजेड दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) कमी पडेल असं एक्स्पोजर ठेवायचं, म्हणजे हालचाल फ्लॅशच्या चमकेनं गोठते. उजेड जास्त राहिला तर चाकामागे धुरकट दुसरी आकृती उमटते. शटरचा वेग कॅमेऱ्याच्या सिंक मर्यादेपुढे (फ्लॅशसोबत चालणाऱ्या कमाल वेगापुढे) नेला तर फोटोत काळा पट्टा येतो. फ्लॅश पुन्हा भरायला वेळ लागतो, त्यामुळे बर्स्ट, म्हणजे एकामागोमाग क्लिक, विसरा. एका ट्रायला एकच क्लिक, तीही पेग कट्ट्याच्या मध्यावर असताना. धाव कुठून आली आणि उतरणार कुठे, हे दोन्ही फ्रेममध्ये दिसलं पाहिजे, नाहीतर बघणाऱ्याला ट्रिकची अवघडता कळत नाही. फीबल या ग्राइंडचा मनासारखा फोटो अकराव्या ट्रायला मिळाला. मागचा पेग कट्ट्याच्या कडेवर, पुढचं चाक कट्ट्याच्या वर, आणि पेगखाली दगडाची पांढरी धूळ.

एसी गाडीतून कॅमेरा काढल्या काढल्या लेन्सवर बाष्प धरतं. बॅग न उघडता ती अर्धा तास बाहेर ठेवायची.

वॉचमनकाका आले की राइड थांबवून आधी नमस्कार. “काका, दोन फोटो काढतो आणि निघतो” म्हटलं तर बरेच जण मान डोलावतात. नाही म्हणाले तर वाद न घालता पुढचा स्पॉट. हुज्जत घातली तर पुढच्या रविवारी येणाऱ्या पोरांना तिथे उभंही राहू देत नाहीत.

मरीन ड्राइव्ह आम्ही सोडलं. सकाळी चालणारे आणि धावणारे इतके असतात की तिथे वेग घेणंच चूक. बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) ग्रॅनाइट उत्तम, रस्ते मोकळे, पण खासगी सुरक्षारक्षक पाच मिनिटांत येतात. शेवट कार्टर रोडच्या स्केटपार्कात केला. तिथे लहान मुलं स्केटबोर्ड शिकत असतात, त्यांची पाळी झाल्यावरच उतरायचं.

लोकलनं येणाऱ्यांनी सामानाचा डबा आणि सामानाचं तिकीट धरून चालावं, आणि परतीसाठी मेगाब्लॉकची वेळ आदल्या दिवशीच बघावी.

घरी पोचल्यावर त्याच रात्री चेन कोरड्या फडक्यानं पुसून तेल द्या, पेगचे नट सैल करून ग्रीस लावा. खाऱ्या हवेत फिरलेली चेन आठवडाभर तशीच राहिली तर कड्या आखडतात आणि पेडल मारताना करकर सुरू होते.