फुल अँड फायनल दोन दिवसांत

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं मशीनशॉप आहे, सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) पार्ट काढतो, तीसेक माणसं. २१ नोव्हेंबर २०२५ ला, शुक्रवारी, केंद्राने चारही लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू केले, जुने २९ कायदे त्यात गेले. २०१९-२० पासून येणार येणार म्हणत होते त्यामुळे कोणी मनावर घेतलं नव्हतं, आणि आले ते थेट त्याच दिवसापासून. तयारीला एक दिवस मिळाला नाही.

खरा प्रश्न उभा राहिला १ डिसेंबरला, सोमवारी. सकाळी गेटपाशीच पोरं थांबलेली. मोबाईलवर एक मेसेज फिरत होता की नवीन कायद्याने बेसिक (मूळ पगार) एकूण पगाराच्या ५० टक्के करायचं, पीएफ जास्त कापला जाणार आणि हातात पगार कमी येणार. आमचा सुपरवायझर, बारा वर्षं आहे माझ्याकडे, तो म्हणाला, "साहेब, माझा घराचा हप्ता चालू आहे, किती कमी येणार ते आजच सांगा."

तोंडी समजावून उपयोग नसतो अशा वेळी. ऑफिसमधून त्याचीच पगार स्लिप आणली (त्याला विचारूनच) आणि पॅकिंगच्या टेबलावर सगळ्यांसमोर पेनने मांडलं. एकूण ४०,०००, त्यात बेसिक १६,०००, बाकी २४,००० घरभाडं, कन्व्हेयन्स वगैरे. वेतनाची, म्हणजे पीएफ-ग्रॅच्युइटी ज्यावर मोजतात त्या रकमेची, नवीन व्याख्या म्हणते की अशा भत्त्यांची बेरीज एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेली तर वरची रक्कम वेतनातच धरायची. इथे निम्मे म्हणजे २०,०००, वरचे ४,००० वेतनात आले, म्हणजे त्याचं वेतन १६ चं २० हजार झालं. आता पीएफ. आमच्याकडे पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापतात, १२ टक्के म्हणजे १,८००, आधीही तेवढेच आणि आताही तेवढेच. हातातला एक रुपया हलत नाही. मग ग्रॅच्युइटी काढून दाखवली, म्हणजे नोकरी सोडताना दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार मिळतो ती, महिना २६ दिवसांचा धरून. १६,००० भागिले २६ गुणिले १५ म्हणजे वर्षाला ९,२३०, आणि २०,००० वर ११,५३८. प्रत्येक वर्षामागे २,३०० रुपये जास्त, आणि ते माझ्या खिशातून. हे बघितल्यावर तो कागदच घेऊन गेला घरी दाखवायला.

हे टेबलावरचं निस्तरतंय तोवर ऑफिसात दोघं येऊन बसलेले. एक सेटर (मशीन सेट करून देणारा), राजीनामा दिलेला, आदल्या दिवशी त्याचा शेवटचा दिवस. दुसरा लातूरकडचा पोरगा, वर्षाच्या करारावर होता, तोही ३० नोव्हेंबरलाच संपलेला, आयकार्ड आणि सेफ्टी शूज जमा करायला आला होता.

सल्लागाराला फोन केला तर त्याचं म्हणणं, "घाई करू नका, राज्याचे रूल्स यायचेत, सगळे थांबलेत." एमआयडीसीत त्या आठवड्यात ज्याला विचारावं तो हेच सांगत होता. मला हे पटत नाही, आजही नाही. रूल्स फॉर्म, रजिस्टर, रिटर्न यासाठी लागतात. पण राजीनामा दिलेल्याचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा हे कोडच्या कलमातच लिहिलंय, त्याला कुठला रूल लागतो? काढून टाकलेल्याला दोन दिवसांत पैसे द्या हे तर १९३६ च्या जुन्या वेतन कायद्यातही होतं, आता राजीनामा देणाराही त्यात आला एवढंच. आपल्याकडे मात्र फुल अँड फायनल, म्हणजे नोकरी सोडणाऱ्याचा शेवटचा हिशोब, म्हटलं की ४५ दिवस असं जणू देवानेच सांगितलंय. तेवढ्यात नवीन ठिकाणचा पगार सुरू झालेला नसतो, गावी पैसे पाठवायचे असतात, माणूस फोन करून करून थकतो.

सेटरचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, ओव्हरटाईम, सगळं अकाउंटंटने मंगळवारी दुपारपर्यंत जुळवलं आणि बँकेत टाकलं. अवघड नव्हतं हो, फक्त हजेरी रोजच्या रोज भरलेली पाहिजे. ती महिन्याच्या शेवटी भरायची सवय असेल तर दोन दिवसांत जन्मात होणार नाही.

त्या लातूरच्या पोराला मात्र काही मागायचंच नव्हतं. ग्रॅच्युइटी पाच वर्षांनी मिळते हे त्याला पक्कं माहीत, म्हणून शूज ठेवून तो उठलाच होता. त्याला थांबवलं. ठरावीक मुदतीच्या कामगाराला आता एक वर्ष भरलं की ग्रॅच्युइटी लागू, आणि याचं वर्ष पूर्ण भरलेलं. वेतन १५,६०० म्हणजे दिवसाला ६००, त्याचे १५ दिवस, ९,००० रुपये. तो दोनदा म्हणाला, "नक्की ना सर? नंतर परत मागणार नाही ना?" मला फार वाईट वाटलं ते ऐकून. हक्काचे पैसे हातात देतोय आणि पोरगा घाबरतोय. शेवटी लेटरहेडवर लिहून सही-शिक्का करून दिलं की ही ग्रॅच्युइटी आहे, परत मागायची नाही.

पुढच्याच आठवड्यात केंद्रीय श्रम मंत्रालयानेही खुलासा केला की पीएफ १५,००० वरच कापत असाल तर हातातला पगार कमी होत नाही. त्याची मराठी प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावली. अजून काम बाकी आहे, चाळिशीच्या वरच्या सगळ्यांची वर्षातून एकदा फुकट आरोग्य तपासणी करून द्यायची आहे, त्यासाठी जवळच्या दोन लॅबकडून रेट मागवलेत.